पत्ता दिसतोय

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी आत्या स्वयंपाकघरात पडली. अकरा एकोणीसला तिने आपत्कालीन क्रमांक फिरवला. अकरा एकतीसला रुग्णवाहिका दारात हजर झाली. बारा मिनिटं ही वेळ कोणत्याही शहराने अभिमानाने सांगावी अशीच आहे. फक्त ते दार आमचं नव्हतं. ते माझ्या कचेरीचं होतं, आणि आत्या पडली होती तिथून साडेसहा किलोमीटर लांब होतं.

पहिली वेळ आत्याने जमिनीवरून भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. दुसरी नियंत्रण कक्षाच्या नोंदीतली आहे, तिसरी आमच्या दरवानाच्या वहीतली. एका दैनिकात एकोणतीस वर्षं उपसंपादक म्हणून काढल्यावर माणसाला दुसरं काही आलं नाही तरी वेळा जुळवता येतात. दुसरं काही येत नाही, हे या प्रकरणात सिद्धच झालं.

सुरुवात जुन्या टेलिफोनच्या खरखरीने झाली. वारा सुटला की आमचा फोन तळणीत काही सोडल्यासारखा आवाज करी. तीन तक्रारी केल्या. तिसऱ्या वेळी आलेला माणूस खांबाकडे बघत म्हणाला, "तारच म्हातारी झालीय साहेब. तिला काय करणार?" हे बोलताना त्याच्या मागे आत्या उभी होती. वय सत्त्याहत्तर. तिने ते मनावर घेतलं नाही. तिने एवढंच विचारलं, "जोड कुठे गंजलाय ते पाहिलंस का?" त्याने पाहिलं नव्हतं.

आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी, हातात लाईन जोडायच्या दोऱ्या, आणि तोंडी फक्त गरजेपुरते शब्द. आमच्या घरचा नंबरही तिच्याच नावावर, नोकरीत असताना मिळालेला. त्या नंबरवर तिचा इतका जीव की माझ्या बायकोने एकदा नंबर बदलायचा विषय काढला, तेव्हा आत्या दोन दिवस जेवणापुरतंच बोलली.

शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. विषय भूगोल, पण सल्ले सर्व शाखांतले. ते मला ‘संपादक’ म्हणतात. मी उपसंपादक आहे. रोज शेकडो चुका दुरुस्त करतो, पण ही एक चूक मी अकरा वर्षं तशीच ठेवली आहे.

"अहो संपादक," प्राध्यापक म्हणाले, "तार म्हणजे गेलं शतक. इंटरनेटवरचा फोन घ्या. आमच्या जावयाकडे आहे. समोरचा माणूस कानात बसून बोलतोय असं वाटतं."

"आणि नंबर?"

"नंबर तोच राहतो. तार जाते, नंबर राहतो. शरीर आणि आत्म्यासारखं आहे ते."

मी अर्ज मागवला आणि कचेरीत भरायला घेतला. इथे मला थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या अर्जात आहे.

माझं सगळं टपाल एकोणतीस वर्षं कचेरीच्या पत्त्यावर येतं. घरच्या टपालपेटीचं झाकण तुटलं आहे आणि पत्र घेऊन येणाऱ्याला आमचा जिना सापडत नाही. कचेरीत मात्र दरवान आहे, वही आहे, सहीशिवाय पाकीट हलत नाही. तेव्हा ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ या चौकटीत माझ्या हाताने आपणहून कचेरीचा पत्ता लिहिला. खाली दुसरी चौकट होती: ‘फोन वापरण्याच्या जागेचा पत्ता (आपत्कालीन सेवांसाठी). वरीलप्रमाणे असल्यास खूण करा.’ तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. सातला माझं पान छपाईला जातं. एकच मजकूर दोनदा आला की त्यावर काट मारायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी खूण केली. इतकी लहान चूक मी आयुष्यात कधी केली नव्हती.

ग्राहक आत्या, म्हणून सही तिची हवी. मी बोट ठेवलं तिथे तिने सही केली. ही बाई औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा पूर्ण वाचते. पण हा अर्ज तिने वाचला नाही. "तू भरलायस ना," म्हणाली आणि पेनचं टोपण लावलं.

फोन बसवायला तंत्रज्ञ आला. आत्याने त्याला पाणी दिलं, तो पिईपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, "हा फोन कुठे आहे, हे तिकडच्या माणसाला कसं कळतं?"

"आजी, हा इंटरनेटवरचा फोन. पेटी उचलून जगात कुठेही न्या. चालणार."

"म्हणजे त्याला घर नाही."

"असं बघा, त्याला सगळीकडेच घर."

"तेच म्हणतेय मी. आमच्याकडे दिवा लागला की कोणत्या गल्लीतली तार आहे ते बघता येत होतं. माणूस बोलू शकला नाही तरी तार बोलायची."

तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. माझं ते हसणं आज मला आठवतं तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं. "आत्या," मी म्हणालो, "आता ते सगळं आपोआप होतं."

"आमच्या वेळी आपोआप म्हणजे मी होते," ती म्हणाली आणि पेला विसळायला गेली.

कोण, काय, केव्हा, कुठे, का, कसं. बातमीला हे सहा प्रश्न विचारल्याशिवाय मी ती पानावर घेत नाही. आत्याने त्यातला एकच विचारला होता.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात भिंत फोडणं या विषयाला वाहिलेले होते. इंटरनेटची पेटी बसली बाहेरच्या खोलीत आणि फोन आत्याला हवा स्वयंपाकघरात, जिथे तो चाळीस वर्षं होता. म्हणून भिंतीला भोक. भोक पडलं ते पाण्याच्या नळीच्या शेजारी. म्हणून प्लंबर. प्लंबरने उकरलं म्हणून गवंडी. गवंड्याने बुजवताना भोकच बुजवलं, म्हणून पुन्हा भोक. पलीकडून प्राध्यापक सुरुवातीला सहानुभूतीने ठोकत, मग नुसतेच ठोकत. तीन ठोके म्हणजे ‘आता पुरे’ अशी आमच्या दोन घरांत न बोलता भाषा ठरून गेली.

फोन सुरू झाला. आवाज खरंच स्वच्छ होता. त्याच संध्याकाळी वीज गेली आणि फोन मेला.

"वीज गेल्यावर जुना फोन चालायचा," आत्या म्हणाली.

"तारेतूनच वीज यायची आत्याबाई?" बायकोने विचारलं.

"एक्स्चेंजच्या तळघरात बॅटऱ्यांची खोलीच होती. आम्ही हिवाळ्यात तिथे पाय शेकायचो."

मी प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी एका दुकानाचं नाव दिलं. दुकानदाराने बॅटरीची पेटी दिली, दोन तास चालेल असं छातीवर हात ठेवून सांगितलं. "उंचावर बसवा," प्राध्यापक म्हणाले, "ओल वरपर्यंत जात नाही." म्हणून ती स्वयंपाकघरातल्या कपाटावर बसली. वीज गेली की ती दर पाच सेकंदांनी ‘पीप’ म्हणे. बंद करायचं बटण तिच्या पाठीमागे होतं.

आपत्कालीन क्रमांक एकदा लावून बघावा, असं माझ्या मनात आलं होतं. हे मी माझ्या बाजूने नोंदवतो, कारण माझ्या बाजूने नोंदवण्यासारखं फारसं काही नाही. प्राध्यापक म्हणाले, "वेडेपणा करू नका. विनाकारण फोन केला तर कारवाई होते. वर्तमानपत्रात आलं होतं." आलं होतं. ते मीच पानात घेतलं होतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास वीज गेली. बायको शाळेत शिकवायला गेली होती, मी कचेरीत. पेटी ओरडू लागली. आत्याने थोडा वेळ सहन केलं, मग लहान स्टूल ओढलं, वर चढली आणि बटण शोधता शोधता अकरा सतराला खाली आली. डावं मनगट मोडलं. कंबरेत अशी कळ गेली की उठता येईना. तिने वायर धरून फोन तिपाईवरून खाली ओढला आणि क्रमांक फिरवला.

त्या संभाषणाची नोंद आहे. मला ती नंतर ऐकवण्यात आली. एकूण चौतीस सेकंद.

"स्त्री, वय सत्त्याहत्तर, स्टुलावरून पडलेय, हात मोडलाय, शुद्धीवर आहे, एकटी आहे," आत्या म्हणते. इतकी नेटकी बातमी मला आमच्या एकाही वार्ताहराकडून आजवर आलेली नाही.

पलीकडून एक मुलगी म्हणते, "घाबरू नका. तुमचा पत्ता दिसतोय मला. गाडी निघतेय."

"दिसतोय?"

"हो, स्क्रीनवर आलाय."

"बरं. मग लाईन मोकळी करते. दुसऱ्या कुणाला लागत असेल."

आणि खट्. ती मुलगी "थांबा, ठेवू नका" म्हणते ते रिकाम्या लाईनवर. दुसरी कोणी असती तर रडली असती, पत्ता चारदा सांगितला असता, शेजाऱ्यांची नावं सांगितली असती. आत्या एकतीस वर्षं लोकांना सांगत आली होती, काम झालं की ठेवा. तिने ठेवला.

अकरा एकतीसला कचेरीच्या दारात दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली. "पेशंट कुठे आहे?" त्यांनी दरवानाला विचारलं. "पडलेला पेशंट."

"तिसऱ्या मजल्यावर," दरवान म्हणाला. "नेहमी तिथेच पडलेले असतात."

आमच्या मुख्य उपसंपादकांची पाठ दुखते. सकाळच्या बैठकीनंतर ते तीन खुर्च्या जोडून तोंडावर रुमाल टाकून आडवे होतात. त्यांनी डोळे उघडले तेव्हा दोन अनोळखी माणसं त्यांना उचलायच्या बेतात होती.

"नाव नको, वय सांगा," त्यातला मोठा म्हणाला.

"छप्पन्न. का?"

"आम्हाला सत्त्याहत्तर सांगितलंय. आणि बाई."

मुख्य उपसंपादक उठून बसले. हा अपमान ते अजून विसरलेले नाहीत, आणि त्यात माझा हात होता हे त्यांना कळल्यापासून मला रविवारची सुट्टी मिळालेली नाही.

मग शोध सुरू झाला. इमारतीत कुठेतरी एक म्हातारी बाई पडली आहे, एवढं नक्की होतं. इतर लोक गोंधळले. मी गोंधळलो नाही. मी पुढाकार घेतला. जाहिरात विभाग, छपाईचं तळघर, बायकांची स्वच्छतागृहं (बाहेरून हाक मारून), गच्ची. त्या दोघांना मी शिस्तीने सगळं फिरवलं. नियंत्रण कक्षाने परत फोन लावला, तो लागेना. दोन तासांची ती पेटी अर्ध्या तासाच्या आतच संपली होती. मोठा माणूस घाम पुसत म्हणाला, "कोणीतरी चुकीचा पत्ता नोंदवलाय."

"किती बेजबाबदार लोक असतात," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. इतकंच नाही, मी जागेवर बसून शहराच्या पानासाठी आठ ओळींची बातमी लिहिली. ‘एका नागरिकाच्या निष्काळजीपणामुळे रुग्णवाहिकेला मौल्यवान वेळ गमवावा लागला. अशा बेफिकीर ग्राहकांवर कारवाई व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त होत आहे.’ व्यक्त मी एकटाच करत होतो. बातमी पानाकडे पाठवली आणि मग, सवयीप्रमाणे, तपशिलाची खातरजमा करायला उठलो.

"फोन आला तो नंबर काय होता?" मी विचारलं.

मोठा माणूस मोबाइलमध्ये बघून आकडे सांगू लागला. मी लिहून घेऊ लागलो. पहिले चार मी लिहिले. पाचवा त्याने सांगायच्या आधी माझ्या हाताने लिहिला. उरलेले तो सांगत होता आणि मी लिहीत नव्हतो.

तेव्हा अकरा एकोणपन्नास झाले होते. अठरा मिनिटं मी माझ्या आत्याला गच्चीवर शोधत होतो.

रुग्णवाहिकेत मला पुढे बसवलं. सिग्नलवर गाड्या बाजूला होत होत्या. चालकाने एकदाच विचारलं, "पत्ता नक्की ना साहेब?" मी सांगितला. तो माझ्याकडून कुणाला तरी पहिल्यांदाच बरोबर गेला.

बारा वाजून तीन मिनिटांनी आम्ही दार उघडलं. आत्या फरशीवर उताणी होती, डोक्याखाली पुसायच्या फडक्याची घडी. उजव्या हातात झारा. शेजारच्या भिंतीवर ती झाऱ्याने ठोकत होती, दर थोड्या वेळाने, न दमता.

"शेजारून उत्तर आलं होतं," ती म्हणाली. "तीन ठोके. मला वाटलं, कळलं त्यांना. येतील."

प्राध्यापक घरीच होते. आमच्याकडे पुन्हा गवंडी आला, असं त्यांना वाटलं होतं.

स्ट्रेचर उचलताना तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "ती मुलगी म्हणाली, पत्ता दिसतोय. मी तिला विचारायला हवं होतं, कोणता." मग थोड्या वेळाने, जिन्यात, "तिला काय दिसत होतं रे?"

मी सांगितलं. सहा प्रश्नांची उत्तरं क्रमाने दिली. ती एकदाच म्हणाली, "मी तो अर्ज वाचायला हवा होता."

बातमी मागे घ्यायची राहून गेली. बुधवारी ती पाचव्या पानावर चौकटीत आली. सकाळी आठला प्राध्यापक कात्रण घेऊन दारात उभे. "वाचलंत का संपादक? काय एकेक लोक असतात. तुमच्या आत्याबाईंचं झालं त्याच दिवशी बघा." मी वाचली आहे, असं सांगितलं.

आत्यानेही वाचली. ती वर्तमानपत्र वाचते ते मुद्रकाच्या नावापर्यंत. इस्पितळाच्या पलंगावर डाव्या हाताला प्लास्टर, उजव्या हातात पाचवं पान. "यात एक चूक आहे," ती म्हणाली. "पत्ता चुकीचा नव्हता. अगदी बरोबर होता, पिनकोडसकट. आपला नव्हता."

चौथ्या दिवशी तिला सोडलं. ती आमच्याकडे आली नाही. माझ्या धाकट्या बहिणीकडे गेली. भांडण नाही, रुसवा नाही. "तिच्याकडे अजून तार आहे," इतकंच म्हणाली. "तुमच्या फोनला आपण कुठे राहतो ते कळलं, की येते."

हे काम एका दिवसाचं आहे, असं मला वाटलं. मी ग्राहक सेवा केंद्राला फोन केला.

"सर, पत्ता बदलायचा अर्ज ग्राहकानेच करायचा. आपण ग्राहक आहात का?"

"ग्राहक माझी आत्या आहे."

"मग त्यांना द्या फोन."

"त्या इथे नाहीत."

"कुठे आहेत?"

मी अर्ज पाठवला. आत्याने तो दोन्ही बाजूंनी वाचून, एक शुद्धलेखनाची चूक पेन्सिलीने सुधारून सही केली. कंपनीचा नियम असा की अर्ज आल्यावर ग्राहकाशी फोनवर बोलून पडताळणी करायची. संपर्कासाठी मी बहिणीचा नंबर दिला होता, म्हणून पडताळणीचा फोन आत्याला तिच्या घरी गेला. बहीण शेजारीच होती, तिने मला शब्दशः सांगितलं.

"मॅडम, आपण सध्या अर्जात दिलेल्या पत्त्यावर राहता का?"

"नाही," आत्या म्हणाली. "पत्ता बदलला की राहीन."

अर्ज नामंजूर. कारण: ग्राहक नमूद ठिकाणी वास्तव्यास नाही.

मी बहिणीकडे गेलो. "आत्या, नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं."

"राहत नसताना?"

"राहतेसच ना तू आमच्याकडे. कपडे तिथे, पलंग तिथे."

"आणि मी?" ती म्हणाली. मग समजावणीच्या सुरात, "अरे, चुकीची जागा लिहून एकदा काय झालं ते पाहिलंस ना. पुन्हा तेच करू?"

बायको म्हणाली, "अहो, मग त्यांना आधी घरी आणा, मग अर्ज करा." हे मलाही सुचलं होतं. आत्या म्हणाली, आधी अर्ज, मग घर. दुसरा अर्ज. पुन्हा तोच फोन, तेच उत्तर, तोच शेरा. मधल्या काळात कंपनीने एक माणूस नोंदलेल्या पत्त्यावर, म्हणजे कचेरीत, फोन तिथे नाही याची खात्री करायला पाठवला. कचेरीत एकशे चाळीस फोन आहेत. त्याने मुख्य उपसंपादकांना उठवून विचारलं.

सध्या तात्पुरती व्यवस्था अशी आहे: बायकोने फोनच्या वर आमचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे. पेटी कपाटावरून खाली आली आहे. प्राध्यापकांशी ठरलं आहे की ठोकलं तर उलट ठोकायचं नाही, यायचं. आत्याच्या पलंगावरची चादर बायको दर रविवारी बदलते, त्यावर कोणी झोपत नसलं तरी.

आत्या रोज संध्याकाळी सातला फोन करते. नेमकी माझं पान जायच्या वेळेला. म्हणून मी आता ते पान दुसऱ्याकडे दिलं आहे आणि सातला घरी असतो.

"आवाज स्वच्छ येतोय," ती म्हणते.

"ये ना मग."

"पत्ता?"

"काम चालू आहे."

"बरं. ठेवते. लाईन मोकळी असू दे."

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी तिसऱ्या अर्जाची स्थिती पाहिली: पडताळणी प्रलंबित. आत्याला कंपनीचा फोन उद्या सकाळी दहा ते एक या वेळात येणार आहे. प्रश्न तोच असेल. काय सांगशील, असं मी काल तिला विचारलं. "त्या वेळी जिथे असेन ते सांगेन," ती म्हणाली.

बहिणीने कळवलं आहे की आज जेवणानंतर आत्याने आपली बॅग पलंगाखालून काढून खुर्चीवर ठेवली. भरायला काढली की नुसती पुसायला, ते बहिणीला सांगता आलं नाही.